चाक मोठं, टायर बारीक, रस्ता तोच

गाडी घ्यायला निघालेला माणूस पूर्वी आधी ॲव्हरेज विचारायचा. आजही विचारतो, पण जोडीला चाकाचा प्रश्न आला आहे: अलॉय आहेत का, आणि असतील तर किती इंची? बेस मॉडेलला लोखंडी रिम आणि तिच्यावर प्लास्टिकचं व्हील कव्हर, मधल्या मॉडेलला पंधरा इंची अलॉय, टॉप मॉडेलला सोळा किंवा सतरा इंची, तीही डायमंड कट. किंमत चढते तसं चाक मोठं होतं. आणि दर पावसाळ्यात टायरच्या दुकानांसमोर याच चाकांची रांग लागते. कुणाची रिम बेंड झालेली, कुणाच्या टायरला बाजूनं फुगा आलेला, कुणाच्या चाकातली हवा रात्रीतून उतरते, कुणाचं स्टिअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरतं.

दोष कुणाचा, हा वाद तिथंच सुरू होतो. चालवणाऱ्याला वाटतं, अलॉय नाजूक. दुकानदार म्हणतो, हवा कमी होती. सर्व्हिस सेंटर म्हणतं, खड्ड्याचा मार वॉरंटीत बसत नाही. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. माझं मत आधीच मांडतो: अलॉयचा धातू हे या दुखण्याचं मूळ नाही. चाक आणि रस्ता यांच्या मधली रबराची उंची आपण दिसण्यापायी कमी करत आणली, रस्ते होते तसेच राहिले, आणि त्याचा सगळा भुर्दंड गाडीमालकावर पडला.

आधी धातू पाहू. गाड्यांवरची बहुतेक अलॉय चाकं ए-३५६ नावाच्या मिश्रधातूची असतात. ॲल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो, मॅग्नेशियममुळे पुढच्या उष्णताप्रक्रियेत ताकद येते. साच्यातून निघालेलं चाक साधारण ५४० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, पाण्यात बुडवून एकदम थंड करतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या भट्टीत पुन्हा काही तास ठेवतात. या शेवटच्या मुरवण्यात धातूच्या आत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि चाक कणखर होतं. या प्रक्रियेला टी-६ म्हणतात. ती लक्षात ठेवण्याचं कारण दुरुस्तीच्या वेळी कळेल. हे काम आपल्यापासून लांब कुठे चालतं असंही नाही. पुणे जिल्ह्यात शिक्रापूरला एनकेई या जपानी कंपनीच्या कारखान्यात अशी चाकं ओतली जातात.

लोखंडी रिम वेगळी. ती पोलादी पत्र्याची, दाबून आणि वेल्डिंग करून बनवलेली. तो पत्रा तुटण्याआधी भरपूर ताणला जातो. ओतीव ॲल्युमिनियम थोडकंच ताणलं जातं आणि मग तडकतं. म्हणून खड्ड्यात लोखंडी रिम सहज वाकते, पण फाटत नाही, आणि हातोडीनं ठोकून बऱ्यापैकी जागेवर येते. अलॉय वाकायला जास्त जोर लागतो, पण वाकली की पुढची पायरी भेग असते. म्हणजे ‘अलॉय नाजूक’ हे अर्धंच खरं. वजनाबद्दलही असाच गैरसमज आहे. त्याच मापाची, त्याच भाराची अलॉय हलकी असू शकते, पण सोळा इंची नक्षीदार अलॉय पंधरा इंची लोखंडी रिमपेक्षा हलकी असतेच असं नाही. शर्यतीच्या गाड्यांवर ॲल्युमिनियमची ओतीव चाकं १९२४ साली बुगाटीनं आणली ती वजन आणि ब्रेकची उष्णता डोळ्यांसमोर ठेवून. आपल्या शोरूममध्ये ती दिसण्यासाठी विकली जातात. चाक देखणं असावं असं वाटण्यात गैर काहीच नाही, पण त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते कळायला हवं.

ती मोजावी लागते टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये. टायरवरचा आकडा वाचायला शिकलं तर हे कागदावर मांडता येतं. १८५/६५ आर १५ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६ असेल तर साइडवॉल १०७ मिलिमीटरची. बाहेरून हौसेनं २०५/४५ आर १७ बसवले तर ती उरते ९२ मिलिमीटर. तिन्ही चाकांची बाहेरची उंची जवळपास सारखी, ६२ सेंटीमीटरच्या आसपास. नाही तर स्पीडोमीटर चुकेल आणि टायर मडगार्डला घासेल. चाक दोन इंचांनी ‘मोठं’ झालं म्हणजे प्रत्यक्षात खालच्या बाजूला जवळजवळ तीन सेंटीमीटर हवा आणि रबर गेलं, त्या जागी धातू आला. गाडीचं वजन तेवढंच किंवा जास्त, खड्डा तोच. अंगावरची गोधडी काढून चादर घेतली तर जमीन टोचणारच.

आता खड्ड्यात नेमकं काय होतं ते पाहू, कारण चालवण्याबद्दलच्या पुष्कळ समजुती इथंच तयार होतात. चाक खड्ड्यात पडताना सहसा काही बिघडत नाही. मार बसतो तो बाहेर निघताना, पलीकडच्या काठावर. तो काठ टायरला आत दाबतो. साइडवॉल दुमडते, आतली हवा दबते, आणि जोर पुरेसा असेल तर टायरचा तळ थेट रिमच्या ओठाला भिडतो. मध्ये रबर चिमटीत सापडतं. तिथे टायरच्या आतले धागे तुटले की बाहेरून फुगा दिसतो, रबर फाटलं तर हवा जागच्या जागी जाते, आणि या सगळ्यातून उरलेला जोर रिमचा ओठ वाकवतो. म्हणूनच फुगा आणि बेंड बहुधा जोडीनं सापडतात. फुगा आलेला टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. धागे तुटलेले असतात. तो टायर बदलायचाच.

‘जोरात काढली की खड्डा लागत नाही’ असं अनुभवी ड्रायव्हरही सांगतात. त्यात अर्धं सत्य आहे. अर्धा मीटर लांबीचा खड्डा ताशी ३० किलोमीटरने ओलांडायला सेकंदाचे सहा शतांश लागतात, ६० ने तीन शतांश. एवढ्या कमी वेळात चाकाला खाली उतरायला सवड मिळत नाही, ते तळाला जाण्याआधीच पलीकडचा काठ येतो. लहान खड्ड्यावरून वेगात गेलेली गाडी खरोखरच कमी आदळते. पण खड्डा मीटर-दीड मीटर लांब असला, आणि आपल्या महामार्गांवर तसे असतात, की चाक पुरतं उतरतं आणि मग वेग हाच शत्रू होतो: वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची लांबी-खोली दिसतच नाही. तेव्हा ‘जोरात काढा’ हा नियम म्हणून घ्यायची गोष्ट नव्हे.

दुसरी सवय जास्त घातक आहे: खड्डा दिसताच ब्रेकवर उभं राहणं आणि चाक काठाला लागेपर्यंत पाय तसाच दाबून ठेवणं. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली जातं, पुढची स्प्रिंग आधीच दबते, पुढच्या चाकांवर जास्त भार येतो. सस्पेन्शनला वर जायला जी जागा हवी होती ती संपलेली असते, म्हणून सगळा मार टायर आणि रिमवर येतो. ब्रेक लवकर आणि ठामपणे लावावा, आणि चाक खड्ड्यात शिरण्याच्या क्षणी पाय उचलावा. शेवटच्या क्षणी स्टिअरिंग झटक्यात वळवणं त्याहून वाईट, कारण तिरकं चाक काठावर ओठानेच आपटतं, आणि बाजूनं दुचाकी येत असेल तर तिच्यावरच्या माणसाचा जीव जातो.

हवेच्या दाबाबद्दल दुकानदाराचं म्हणणं बरोबर असतं. दाब कमी असलेला टायर लवकर चिमटीत सापडतो. पावसाळ्यात ‘गाडी मऊ चालावी’ म्हणून दोन-चार पीएसआय हवा कमी ठेवणारे लोक आहेत; बारीक साइडवॉलच्या टायरवर हा सल्ला रिम वाकवणारा आहे. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर लिहिलेला दाब गार टायरला ठेवावा, डिक्की भरून कोकणात निघालो तर पूर्ण भाराचा आकडा पाहावा. दर पंधरा दिवसांनी, स्टेपनीसकट.

खड्ड्यानं वाकलेली रिम बहुधा आतल्या बाजूनं वाकते, आणि म्हणूनच ती दिसत नाही. चाकाचे आरे बाहेरच्या तोंडाजवळ असतात. बाहेरच्या ओठाला त्यांचा आधार मिळतो. आतला ओठ मात्र रुंद नळकांड्याच्या मोकळ्या टोकासारखा असतो, त्याच्यामागे काही नाही. बाहेरून झगमगणारं चाक आतून चपटं झालेलं असू शकतं. मालकाला ते जाणवतं वेगळ्याच रूपात: दर तीन-चार दिवसांनी एका चाकात हवा कमी, किंवा ठरावीक वेगात थरथर. मग तो बॅलन्सिंग करून घेतो. यंत्र वजनं लावून हिशोब जुळवतं, स्क्रीनवर शून्य येतं, आणि थरथर तशीच राहते. वजनाचा असमतोल आणि आकारातला वाकडेपणा हे दोन वेगळे दोष आहेत. शिशाचा तुकडा चिकटवून चपटी रिम गोल होत नाही.

बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरत असताना खाली वाकून आतल्या ओठाकडे पाहा. ओठापासून केसभर अंतरावर पेचकसाचं टोक स्थिर धरलं तर एका फेऱ्यात ते अंतर कुठे मिटतं, कुठे वाढतं हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. नव्या चाकात हा फरक मिलिमीटरच्या अंशात असतो. चांगल्या दुकानात डायल गेज लावून वर-खालीचा आणि आत-बाहेरचा फरक वेगवेगळा मोजून सांगतात. सांगत नसतील तर मागा. हवा उतरत असेल तर टायर-रिमच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे सांध्यातून आले तर ओठ वाकलाय. रिमच्या अंगातून आले तर भेग आहे, आणि मग गोष्ट गंभीर आहे. त्याच भेटीत लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि शॉकअपही तपासून घ्यावेत, कारण रिम वाकवणारा मार त्यांच्यापर्यंत गेलेला असतो. अलाइनमेंट शेवटी, आधी नाही.

इथे चाकाच्या चाचणीबद्दल सांगायला हवं, कारण फार थोड्या ग्राहकांना ती माहीत असते. अलॉय चाकांच्या आघाताची आंतरराष्ट्रीय चाचणी आयएसओ ७१४१ मध्ये आहे. भारतात हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी एआयएस-०७३ हे मानक आहे. टायर बसवलेलं चाक १३ अंशांत कलतं बसवतात आणि त्याच्या ओठावर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. ते वजन चाकाच्या कमाल भाराच्या सहा दशांशात १८० किलो मिळवून ठरतं. ४५० किलो भाराच्या चाकाला बरोबर ४५० किलो. पास होण्याची अट अशी: आऱ्यांच्या-मध्याच्या भागात आरपार भेग जाऊ नये, मधला भाग रिमपासून सुटू नये आणि एका मिनिटाच्या आत टायरमधली सगळी हवा जाऊ नये. जिथे वजन आपटलं तिथे रिम वाकली, अगदी तडकली, तरी ते अपयश मानलं जात नाही.

यात लपवाछपवी नाही. गाडी चाकावरून सुटू नये, ड्रायव्हरला थांबायला वेळ मिळावा, हा चाचणीचा हेतू आहे आणि तो योग्य आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं वाकणारा ओठ हा मुद्दाम बळी जाऊ दिलेला भाग आहे. तो वाकतो म्हणून मधला भाग वाचतो. पण त्याचा अर्थ असाही होतो की प्रमाणित चाक खड्ड्यात वाकणार नाही, असं आश्वासन कुठलंच मानक देत नाही. शिवाय ही चाचणी बाहेरच्या ओठावर, फुटपाथच्या कडेला चाक आपटल्यासारखी आहे. आपल्याकडचा नेहमीचा मार आतल्या ओठावर, सरळ उभा बसतो. काही वाहन कंपन्या स्वतःच्या चाचण्यांत तसाही आघात करून पाहतात. माझ्या मते भारतीय मानकात आतल्या ओठावरच्या आघाताची सक्तीची चाचणी असावी आणि निकाल केवळ पास-नापास न ठेवता किती मिलिमीटर वाकली असा जाहीर व्हावा. वाहनांची मानकं ठरवण्याचं काम पुण्याच्या एआरएआय या संस्थेत, वेताळ टेकडीवर, चालतं. तिथून काही किलोमीटरवर हे खड्डे आहेत.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: वाकलेली अलॉय सरळ करून वापरावी का? पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, कुठेही ‘बेंड काढून देतो’ अशी पाटी सापडते. काम असं चालतं. रिम एका मजबूत चौकटीत मध्यभागी घट्ट आवळतात, वाकलेल्या जागी आकाराचा गुटका ठेवून हायड्रॉलिक जॅकनं दाब देतात, गेज पाहत पाहत. गार धातूवर जोर दिला तर भेग पडण्याची भीती, म्हणून आधी गॅसच्या ज्योतीनं ती जागा गरम करतात. धोका इथेच आहे.

लोखंड तापलं की लाल होतं, कारागिराला डोळ्यांनी कळतं. ॲल्युमिनियम लाल होत नाही. ते चंदेरी दिसत असतानाच वितळू लागतं. पत्र्याचं काम करणारे जुने कारागीर ॲल्युमिनियमवर साबण घासायचे आणि तो काळा पडला की धातू मऊ झाला असं समजायचे. भांड्याचा पोचा काढायचा असेल तर ही युक्ती उत्तम आहे, चाकाला नाही. टी-६ चाकाची ताकद दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या मुरवण्यातून आलेली असते. दोनशेच्या बरंच पुढे काही वेळ तापवलं की ते सूक्ष्म कण मोठे होतात आणि ताकद उतरते. साबण काळा पडेपर्यंत ती पार गेलेली असते. चाक सरळ दिसतं, गोल फिरतं, रंगानंतर नवं वाटतं, आणि त्या हातभर पट्ट्यात मऊ असतं. पुढच्या खड्ड्यात बहुधा तिथेच वाकतं. ज्याच्याकडे तापमान मोजायचं साधन आहे आणि जो ते चाकाच्या रंगवलेल्या भागावर धरतो, त्याच्याकडे काम द्यावं. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा, फार कमी आकडा दाखवतो. हे ठाऊक असलेला कारागीर भेटला तर तो आपलं काम जाणतो, असं समजायला हरकत नाही.

भेगेवर वेल्डिंग, म्हणजे दुकानांच्या भाषेत आर्गन मारणं, हा त्यापुढचा प्रकार. वेल्डिंगच्या आजूबाजूचा धातू हमखास नरम पडतो, आणि संपूर्ण चाकाची उष्णताप्रक्रिया पुन्हा करणं दुकानात शक्य नसतं. म्हणून मी सीमारेषा अशी आखतो: आतल्या ओठावर थोडा बेंड, भेग नाही, तर सांभाळून सरळ करून घ्यायला हरकत नाही. ओठावर भेग असेल तर चाक बदलावं. भेग आऱ्यावर, आऱ्याच्या मुळाशी किंवा नटांच्या भोवती असेल तर ते चाक कुणी फुकट दुरुस्त करून दिलं तरी गाडीला लावू नये. ते भंगारात जावं, आणि जाण्याआधी त्याला कापून टाकावं म्हणजे ते रंगवून दुसऱ्याच्या गाडीखाली येणार नाही. सरळ केल्यानंतर भेगेची तपासणी लाल रंग आणि पांढऱ्या पावडरीनं करून घ्यावी. लाल द्रव भेगेत शिरतो, पुसल्यावर पांढऱ्या थरावर रेघ उमटते. हे साहित्य महाग नाही, वेळ थोडाच लागतो. तरीही फार थोड्या ठिकाणी ते करतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण यात कुटुंबाच्या जिवाचा प्रश्न आहे.

सेकंडहँड किंवा स्वस्त रेप्लिका घेताना चाकाच्या मागच्या बाजूला ओतीव अक्षरं पाहावीत: कमाल भार, माप, ऑफसेट, मानकाची खूण. नुसतं डिझाइन मिळतंजुळतं असणं म्हणजे धातू मिळताजुळता असणं नव्हे.

खर्चाचा भाग. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत खड्ड्यातल्या आघातानं मोडलेली रिम अपघाती नुकसानीत बसू शकते, पण टायरला वेगळा नियम आहे: फक्त टायर-ट्यूब गेलं तर भरपाई नाही, त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंतच. वर सक्तीची कपात आहे, १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावर २,०००. आणि खरा फटका नो क्लेम बोनसचा. समजा पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्के सवलत मिळवली आहे आणि सवलतीआधीचा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम १२,००० रुपये आहे. एका रिमसाठी क्लेम केला की पुढच्या वर्षी सवलत शून्य, मग २०, २५, ३५, ४५ टक्के. प्रीमियम दरवर्षी तेवढाच धरला तर पाच वर्षांत मिळून १५,००० रुपये जास्त जातात. एका रिमची किंमत त्याहून कमी असेल तर क्लेम करणं तोट्याचं. टायर आणि रिमसाठी वेगळी जोड मिळते, बोनस वाचवणारी जोडही मिळते. सोळा इंचांच्या पुढची चाकं असतील तर त्या घ्याव्यात. बाहेरून बसवलेल्या अलॉय पॉलिसीत नोंदवून घ्याव्यात, नाही तर नेमक्या वेळी वाद होतो.

स्टेपनीकडेही लक्ष हवं. २०२० सालच्या नियमबदलानं ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. बॅटरीला जागा हवी म्हणून बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या तशा येतात. किटमधला द्रव खिळ्याच्या भोकाला चालतो. साइडवॉल फाटली किंवा रिम वाकली तर तो निरुपयोगी आहे, आणि खड्ड्यात नेमकं तेच होतं. रात्री कशेडीच्या आसपास किंवा आंबोलीच्या खाली असं झालं तर टोईंगची वाट पाहण्यावाचून मार्ग नाही. त्यात इलेक्ट्रिक गाडी वजनानं जड. अशी गाडी घेणाऱ्यानं स्टेपनी वेगळी विकत मिळते का, डिक्कीत बसते का, हे बुकिंगच्या आधी विचारावं.

रस्त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. थंड देशांत पाणी भेगेत गोठून फुगतं आणि डांबर उचलतं. आपल्याकडे बर्फाची गरज नाही. पाणी भेगेतून आत शिरतं, खडीवरून डांबर सुटतं, वरून जाणारं प्रत्येक चाक ते पाणी दाबून बारीक माल बाहेर फेकतं, खालचा थर पोकळ होतो आणि एक दिवस वरचा पापुद्रा खचतो. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. बाजूला गटार नसेल तर पाणी रस्त्यावरच मुरतं. यात पाइप-केबलसाठी रस्ता खोदून वर माती लोटण्याची भर. खड्डा बुजवण्याची नीट पद्धतही ठाऊक आहे: कडा चौकोनी कापायच्या, आतला सैल माल आणि पाणी काढायचं, डांबराचा हात द्यायचा, मिश्रण भरून दाबायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितांत हे लिहिलेलं आहे. पावसाळ्यासाठी तयार मिश्रणाची संहिता २०१४ सालची आहे. प्रत्यक्षात भर पावसात खडी-मुरूम टाकला जातो, आणि दोन दिवसांत तीच खडी रस्त्यावर पसरून दुचाकी घसरवते.

रस्ता टिकतच नाही हे मात्र कुणी सांगू नये. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीनं दहा वर्षांच्या हमीवर केला, आणि हमी संपल्यावरही तो कित्येक पावसाळे खड्ड्यांविना राहिला. पाऊस तोच होता, शहर तेच होतं. करारात हमी होती आणि काम हमीला साजेसं होतं. मुंबईत २०२३ पासून सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याचं मोठं काम निघालं. काँक्रीट खड्ड्यावर उपाय आहे, पण अर्धवट कामात काँक्रीट आणि जुनं डांबर किंवा पेव्हर ब्लॉक यांच्या मध्ये जी उभी पायरी राहते, ती रिमसाठी खड्ड्याच्या काठापेक्षाही वाईट, कारण ती धारदार आणि न झिजणारी असते. काम टप्प्यांनी होणार असेल तर उतार देणं ठेकेदाराला बंधनकारक हवं, आणि ते रोजच्या रोज तपासलं जायला हवं.

वाकलेली रिम ही पैशांची गोष्ट आहे. खड्ड्यांनी जातात ते जीव मुख्यतः दुचाकीवरचे. २०१३ ते २०१७ या काळात देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं मेल्याचा आकडा सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सुस्थितीतला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचं म्हटलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यानं मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८ अ सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा-ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड सांगतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळातल्या पालियेक्करा टोलच्या प्रकरणात, रस्ता धड नसताना टोल थांबवण्याचा तिथल्या उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला. दिशा बरोबर आहे. माणसांची भरपाई आधी, हा क्रमही बरोबर आहे. पण भरपाईच्या आदेशात आणि दंडाच्या कलमात फक्त मृत्यू आणि इजा आहेत; वाहनाच्या नुकसानीसाठी नागरिकाला वापरता येईल असा सोपा, ठरलेला मार्ग त्यात नाही. दोषदायित्वाच्या कालावधीतल्या रस्त्यावर झालेलं नुकसान ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वळतं करण्याची तरतूद निविदेतच घालता येईल. तोवर निदान फोटो, जागा, तारीख, दुकानाचं बिल आणि तक्रारीचा क्रमांक एकत्र ठेवावा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. तक्रारीत ‘रस्ता खराब’ एवढंच न लिहिता रिम किती रुपयांना पडली ते लिहावं. रस्त्याच्या खर्चाच्या हिशोबात ही रक्कम आज कुठेच दिसत नाही.

आणि गाडी घ्यायचीच असेल तर उलट प्रवास करून पाहावा. बऱ्याच गाड्यांत खालच्या मॉडेलचं लहान चाक वरच्या मॉडेलला बसतं, कारण हब आणि नटांचं वर्तुळ एकच असतं. पाहायचं एवढंच की ब्रेकच्या कॅलिपरला आतून जागा पुरते का, ऑफसेट जुळतो का, टायरचा भारांक कमी होत नाही ना, आणि ते माप त्या गाडीसाठी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं आहे का. पुस्तिकेत असेल तर सोळा इंची काढून पंधरा इंची, उंच साइडवॉलचे टायर घ्यावेत. वळणावर गाडी थोडी मऊ वाटेल, कमानीत चाक थोडं लहान दिसेल, टायर मात्र स्वस्त मिळतील. नवी गाडी ताब्यात घेतानाच, टायर कोरे असताना, टायरच्या दुकानात ही अदलाबदल केली तर मोठ्या चाकांना चांगला भाव येतो. एका पावसाळ्यानंतर गेलात तर दुकानदार आधी आतला ओठ फिरवून बघतो.